मधली भिंत

कमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी जिन्याच्या वळणावर होते. वर कपडे वाळत घालायला निघाले होते की खाली दूध बघायला, ते आता आठवत नाही. तिच्या मुलाचा, विकासचा, आवाज नागपूरच्या दवाखान्यातून येत होता. "मावशी... आई गेली." एवढंच. मी "बरं" म्हटलं. खरंच, बरं म्हटलं! अशा वेळी तोंडातून काय निघेल याचा नेम नसतो. मग वर गेले, वर कशाला आले ते कळेना म्हणून खाली आले, खाली येऊन पुन्हा वर. आमचे हे हॉलमधून बघत होते. शेवटी त्यांनी हात धरून मला पायरीवर बसवलं, तेव्हा कुठं रडू आलं. त्याला आता दोन-अडीच महिने होत आले, पण माझं वर-खाली काही थांबलेलं नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठं जायचं ते कळत नाही. जायचं ठिकाण एकच होतं, भिंतीपलीकडे, आणि तिथं कुलूप आहे.

दोनच दिवस आधी ती तपासून घ्यायला म्हणून गेली होती. छातीत भरून येतं म्हणायची. गाडीत बसली, दार लावलं, आणि काच खाली करून अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशी ओरडली, "वसू, सिमेंट आणून ठेवजो. यंदा भेग लवकर पडून राह्यली. मी आली का भरू." मी वैतागले. म्हटलं, "आधी छाती दाखव, भिंतीचं मग बघू." हे आमचं शेवटचं बोलणं. चांगलं काही बोलायला हवं होतं असं लोक म्हणतात. मला नाही तसं वाटत. सव्वीस-सत्तावीस वर्षं आम्ही असंच बोलत आलो होतो, त्या दिवशी गोड बोलले असते तर ती गाडीतून उतरून माझाच ताप बघायला आली असती.

आम्ही दोघी कळंबजवळच्या एकाच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागलो. मी यवतमाळची. आजोबांपासून कचेरीत नोकऱ्या करणारं आमचं घर. बोलणं हळू, चालणं हळू, निर्णय तर त्याहून हळू. कमल राठोड आर्णीकडच्या तांड्यावरची, तिच्या तांड्यातली पहिली मास्तरीण. तिच्या पणज्याच्या बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य गावोगाव गेलेलं. "आमचे लोक थांबले नाहीत कधी," ती सांगायची, "मी थांबली का पायाले मुंग्या येते." सकाळच्या एसटीत रिकामी सीट असली तरी ही दांडीला धरून उभी. वर्गात खुर्चीवर बसलेली कोणी पाहिली नाही. आणि वस्तू सरकवायची तर भयंकर खोड. शिक्षकांच्या खोलीतलं कपाट आज खिडकीपाशी तर उद्या दाराआड, मुलांचे बाक कधी फळ्याकडे तोंड करून तर कधी गोल. हेडमास्तर म्हणायचे, "राठोड मॅडम, शाळा तरी जागेवर राहू द्या." ती हसायची आणि जाता जाता त्यांच्या टेबलावरची घंटा डावीकडची उजवीकडे करून जायची.

कापसाची ती वाईट वर्षं होती. वेचणी लागली की वर्ग अर्धा रिकामा व्हायचा, हे पूर्वीपासूनचंच. पण पूर्वी दिवाळीनंतर त्याच मुलांच्या अंगावर नवे कपडे दिसायचे, ते दिसेनासे झाले. जिनिंगचे भोंगे बंद पडले. बाहेरगावच्या गाड्या धूळ उडवत गावात यायच्या, फोटो काढून जायच्या. कमल दर रविवारी तांड्यावर जायची आणि सोमवारी फणकारत परत यायची. "माणूस मेला का गाड्या भरभरून येते. जित्या माणसाले कोणी इचारत नाही," असं म्हणून डब्याचं झाकण आपटायची. याच वर्षांत यवतमाळच्या भोवतालच्या शेतांमध्ये कपाशीऐवजी चुन्याच्या रेषा दिसायला लागल्या. ले-आउट पडत होते. आम्ही दोघींनी त्यातल्याच एकात लागून-लागून दोन प्लॉट घेतले. घेतले तेव्हा त्यांवर कपाशीच्या पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या, बोंडांची सुकलेली टरफलं पदराला अडकत होती.

कमलचे बा, म्हणजे वडील, प्लॉट बघायला आले. लाल पागोटं, पांढऱ्या मिशा, हातात काठी. त्यांनी वाकून मूठभर माती उचलली, चुरली आणि खाली टाकली. "पोरीहो, हे माती कपाशीची व्हय, घराची नाही. उन्हाळ्यात फाटते, पाण्यात फुगते. तुमचं घर हे हालवत राहीन." कमल म्हणाली, "हालू दे ना बा. मले तरी कुठी बसवते एका जागी?" बा हसले नाहीत. पाया खोल घ्या एवढं मात्र त्यांनी तीन-तीनदा बजावलं, आणि आम्ही तेवढं ऐकलं.

मग सुरू झाल्या नगर परिषदेच्या चकरा. आमचे प्लॉट लांबीला बरे, रुंदीला चिंचोळे. नियम असा की पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची. सरकारी भाषेत तिला सामासिक अंतर म्हणतात, बाकी सगळ्या यवतमाळच्या भाषेत मार्जिन. ती सगळी मार्जिन सोडल्यावर मधे जे उरत होतं त्यात घर कसलं, जेमतेम एसटी उभी राहिली असती. मी घरी येऊन रडले. कमल मात्र दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा बांधकाम विभागाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली, कारण बसायची तिला सवयच नव्हती, आणि समोर कोणी असं उभंच राहिलं की बाबू लोकांना सुचत नाही. शेवटी टेबलावरच्या बाबूनंच सांगितलं की शेजारचे दोन प्लॉटवाले मिळून अर्ज करत असतील तर मधली मार्जिन माफ होते. जोडघर म्हणतात त्याला. मधे एकच नऊ इंची सामाईक भिंत, बरोब्बर हद्दीवर, अर्धी हिच्या जागेत, अर्धी तिच्या. मात्र दोघींनी एकदमच बांधायचं, आणि पुढेमागे कुणाला आपलं घर पाडायचं झालं तर दुसरीची संमती लागेल. कमल माझ्याकडे वळून म्हणाली, "घे. सरकारनं लगन लावून देल्लं आपलं." तो बाबू लाजून कागद चाळायला लागला.

तरी एक अडचण उरलीच, आणि ती माझी होती. मला ड्युप्लेक्स हवं होतं. हा शब्द तेव्हा आमच्याकडे नवाच आला होता. घराच्या आतून जिना, खाली स्वयंपाकघर आणि हॉल, वर झोपायच्या खोल्या. लोकांना त्यात श्रीमंती दिसायची. मला वेगळंच दिसायचं. माझं सगळं लहानपण भाड्याच्या माडीवर गेलं, जिना बाहेरून, पत्र्याचा. पावसाळ्यात पाण्याची कळशी घेऊन आई त्या जिन्यावरून दोनदा घसरली. तेव्हापासून घर म्हणजे ज्यात जिना आत असतो ते, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. पण माझा प्लॉट कोपऱ्याचा. कोपऱ्याचा म्हणून मी आधी तोऱ्यात होते. नकाशा काढणाऱ्यानं तो तोरा उतरवला. कोपऱ्याला दोन रस्ते, म्हणून दोन्ही रस्त्यांकडे मोठी मार्जिन. "मॅडम, आतला जिना चार-पाच इंचांनी बसत नाही. रुंदी कमी पडली तर मंजुरी मिळणार नाही. जिना बाहेरून घ्या, लोखंडी, मस्त दिसतो." मस्त दिसतो म्हणे! मी त्याच्याशी बोलणंच सोडलं. कमलनं विचारलं, "जेवली का?" मी म्हटलं, भूक नाही. तिनं माझ्या डब्यातली पोळी उचलून स्वतः खाल्ली आणि म्हणाली, "बसंल वं तुहा जिना. कागदावर कायी बसत नाही, जमिनीवर समदं बसते." मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण कमल असं काहीही बोलायची.

पायाची आखणी होती त्या दिवशी माझी परीक्षेची ड्यूटी लागली आणि ह्यांना सुट्टी मिळाली नाही. कमल एकटीच मिस्त्रीबरोबर सकाळपासून उन्हात उभी. संध्याकाळी आम्ही पोचलो तोवर चुन्याची फक्की मारून झाली होती, खुंट्यांना दोऱ्या ताणल्या होत्या, आणि हिच्या साडीचे काठ चुन्यानं पांढरे. "नीट आखलं ना गं?" मी विचारलं. "मिस्त्रीले इचार," म्हणाली आणि चहा सांगायला टपरीकडे निघून गेली. पुढे विटा चढल्या, स्लॅब पडला, आणि माझा जिना बसला. वळणासकट, आतून, ऐसपैस! मी त्या नकाशावाल्याला मुद्दाम बोलावून त्याच जिन्यावरून वर नेलं, चहा पाजला आणि म्हटलं, "भाऊ, तुम्हाला टेप धरता येत नाही." तो बिचारा डोकं खाजवत पुन्हा पुन्हा भिंतीकडे बघत होता. कमल दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मला वाटलं, त्याच्या फजितीला हसते आहे.

राहायला आलो त्या पहिल्या दिवाळीत मी जिन्याच्या भिंतीवर फोटोसाठी खिळा ठोकायला घेतला. तिसऱ्या घावाला पलीकडे धडाधड आवाज झाला. भिंतीच्या त्या बाजूला कमलचं स्टीलचं ताटाळं होतं, ते अख्खं खाली. दोन मिनिटांत कमल एक चेपलेलं ताट हातात घेऊन माझ्या दारात. "वसू, खिळा ठोकून राह्यली का घर पाडून राह्यली? इचारत जाय ना!" मीही कचेरीवाल्यांची लेक. म्हटलं, "अर्धी भिंत माझी आहे. माझ्या साडेचार इंचात मी काय वाट्टेल ते ठोकेन." यावर ती जी हसायला लागली... हसता हसता पायरीवर बसलीच. कमल आपण होऊन बसलेली मी फार थोड्या वेळा पाहिली, त्यातली ही एक. डोळे पुसत म्हणाली, "ठोक माय, तुह्याच भिंतीत ठोक. फक्त आधी सांगत जाय." तेव्हापासून रीत पडली. ठोकण्याआधी बोटांनी भिंतीवर दोनदा वाजवायचं, पलीकडून ताटं उतरवून तसंच दोनदा वाजवलं की मग हातोडी. लहानगा विकासदेखील हे काम मोठ्या ऐटीत करायचा. साडेचार इंचांचा माझा हक्क मी पुढे वर्षानुवर्षं गाजवला, आणि दर वेळी कमल तितकीच हसली.

बा म्हणाले होते ते मात्र खरं झालं. पाया खोल घेतला होता म्हणून घर टिकलं, पण दर उन्हाळ्यात खालची माती फाटायची आणि मधल्या भिंतीत जिन्याच्या वळणापाशी एक भेग उघडायची, पार आरपार. पावसाच्या आत ती भरायचा आमचा सण असायचा. मी इकडून थापी घेऊन, ती तिकडून, आणि दोघींच्या मधून चालू बोलणं. कुणाची बदली झाली, कुणाची सून कशी, यंदा तांड्यावर कापूस किती आला, किती नाही. भेग भरत जाई तसा आवाज बारीक होत जाई. तिचे यजमान, एसटीत ड्रायव्हर होते, ते अचानक गेले त्या वर्षी मी नेहमीप्रमाणे सिमेंट कालवून भिंतीवर वाजवलं. पलीकडून आवाज आला, "राहू दे वं यंदा. तुमच्या घरातलं बोलनं आयकू येते. बरं वाटते." आम्ही त्या वर्षी भेग तशीच ठेवली. मी आणि हे जेवताना मुद्दाम मोठ्यानं बोलायचो. ह्यांना मोठ्यानं बोलायची सवय नाही, ते पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचे.

आता कमल नाही आणि विकास पुण्याला नोकरीत. दिवसकार्य झाल्यावर तो परत गेला, महिनाभरानं पुन्हा आला, तेव्हा बरोबर एक गिऱ्हाईक होतं. त्या माणसाला घर नको होतं, जागा हवी होती. जोडघरातलं कमलचं अर्धं पाडून तिथं खाली दुकानं आणि वर फ्लॅट असं काहीतरी त्याच्या मनात होतं. पण जोडघर म्हणून माझी संमती हवी. विकास माझ्यासमोर खाली मान घालून बसला. "मावशी, तुले तरास नाही होऊ देणार. तुह्या बाजूनं तो नवी भिंत बांधून देतो म्हने." मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार कसला करते! त्या आठवड्यात मी धड झोपले नाही, धड जेवले नाही. जोडघराचे सगळे नियम पुन्हा माहीत करून घेतले, ओळखीच्या वकिलांना दोनदा जाऊन भेटले, उठता-बसता ह्यांना ऐकवत राहिले की सामाईक भिंत आहे, अर्धी माझी आहे, तिला हात लावून दाखवा म्हणावं. विकासचा राग येई, आणि त्यानं तरी काय करावं पुण्याहून, असंही वाटे. दोन्ही एकाच वेळी वाटे, म्हणून मी जिना चढत-उतरत राही.

मग गिऱ्हाइकानं मोजणीसाठी माणूस आणला. त्यानं हद्दीचे दगड शोधले, टेप ताणली, पुन्हा ताणली, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या मला ऐकू जाईल असं म्हणाला, "भिंत सामाईक कुठं आहे? सबंध नऊ इंच राठोडांच्याच प्लॉटमधे आहे." मी म्हटलं, नीट मोजा. त्यानं माझ्यासमोर मोजलं. ते खरं होतं. माझ्या साडेचार इंचांतला एकही इंच माझा नव्हता. ते साडेचार इंच माझ्या जिन्यात गेले होते... नकाशावाल्याची टेप चुकली नव्हती. त्या दिवशी उन्हात, साडीच्या काठांना चुना लागेस्तोवर, कमलनं दोरी आपल्या जागेत सरकवली होती. कपाटं सरकवायची, बाक सरकवायची, तशीच. मी विकासकडे पाहिलं. तो म्हणाला, "मले माहीत होतं मावशी. आईनं सांगतलं होतं. पण तुले सांगू नको म्हने. वसूले समजलं तं ते जिना पाडाले लावंल, तिचा सोभाव मले माहीत हाय, म्हने."

खरंच लावला असता. मी आत आले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. इतकी वर्षं माझा हक्क ऐकून ती का हसत होती, ते मला आता कळत होतं. इतका राग आला तिचा की विचारू नका. भांडायला तरी जागेवर असायचं होतं! संध्याकाळी विकासला बोलावून सांगितलं, "तुझी भिंत आहे. तुझ्या आईची होती, आता तुझी. तू म्हणशील तिथं सही करते." मला वाटलं होतं त्याला हायसं वाटेल. तो जिन्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तांड्यावरून त्याचा मामा गाडी घेऊन आला. भांडी, पलंग, पंखे, ताटाळंसुद्धा, सगळं भरून गेलं. मी बाहेर गेले नाही.

माझ्याकडे कमलचा एक फोटो होता. शाळेच्या सहलीतला, आर्णीच्या बाजूला कुठंतरी, उभीच आहे, एक पाऊल पुढं टाकलेलं. फ्रेम करून आणला होता. सामान गेलं त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत कुठं लावायचा हे ठरत नव्हतं. पाडायच्या भिंतीवर फोटो कोण लावतं? पण त्या दुपारी हातोडी आणि खिळा घेऊन मी जिन्याच्या वळणावर जाऊन उभी राहिले. भिंत असेपर्यंत तरी तो तिच्याच भिंतीवर राहू दे, म्हटलं. भेग उघडली होती, यंदा जरा जास्तच. मी खिळा धरला, हातोडी उचलली आणि हात आपोआप थांबला. सवय. बोटांनी दोनदा वाजवलं आणि मग स्वतःचाच वैताग आला. पलीकडे मोकळं घर, कुणाला विचारते आहे? पुन्हा हातोडी उचलली.

तेवढ्यात पलीकडून दोनदा वाजलं. आणि भेगेतून विकासचा आवाज आला, जरा घोगरा, "ठोक मावशी. ताटं काढली."

मी खिळा ठोकला. दिसत काही नव्हतं, अंदाजानंच ठोकला. एक घाव बोटावरही बसला. विकास फाटकातून फिरून आला, तेव्हा मी फोटो सरळ करत होते. त्यानं तो बघितला, थोडा डावीकडे सरकवला, मग पायरीवर बसला. "त्या माणसाले नाही म्हनून सांगतलं मी," तो म्हणाला. "भाड्यानं देतो. कोनी मास्तरीण भेटली तं पाहजो."

"का रे?" मी विचारलं. "चांगला भाव देत होता ना तो?"

"मंग तू खिळे कुठी ठोकशीन?"

तो पुण्याला गेला तेव्हा किल्ली माझ्याकडे ठेवून गेला. काल मी सिमेंट आणलं. आधी माझ्या बाजूची भेग वरचं बोटभर सोडून भरली, मग फिरून तिच्या घरात गेले आणि त्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून तिकडची भरली. शेवटचा थर लावायच्या आधी ह्यांना हाक मारून म्हटलं, पेपरातलं काहीतरी वाचा, मोठ्यानं. ते भिंतीपलीकडे जिन्यावर बसून कापसाचे भाव वाचत होते, आणि थापी हातात घेऊन मी ऐकत होते.